लघु कृषी-उद्योग, करधोरण आणि रोजगार : सवलत कोणापर्यंत पोहोचते?

प्रस्तावना

शेतमालाचे मूल्यवर्धन हा शेतकऱ्याचे उत्पन्न वाढविण्याचा आणि गावातच रोजगार निर्माण करण्याचा महत्त्वाचा मार्ग आहे. डाळ गिरणी, मसाला उद्योग, फळप्रक्रिया, काजू प्रक्रिया, दुग्धपदार्थ अशा लहान उद्योगांची आखणी करताना यंत्रसामग्री, कर्ज आणि अनुदान यांचा विचार आवर्जून केला जातो. कराचा विचार मात्र बहुधा उद्योग सुरू झाल्यानंतर, कधीकधी तर पहिली नोटीस हाती पडल्यानंतरच होतो. परिणामी काही उद्योजक हक्काच्या सवलतींना मुकतात, तर काही जण कराच्या भीतीने उलाढाल आणि कामगारसंख्या मुद्दाम मर्यादित ठेवतात.

लहान उद्योगांच्या वाढीसाठी आणि नव्या नोकरभरतीसाठी भारतीय करव्यवस्थेत अनेक तरतुदी आहेत. त्यांचा लाभ कोणाला होतो हे सवलतीच्या रकमेवर जितके अवलंबून असते, तितकेच तिच्या स्वरूपावरही असते. नफ्यावर दिलेली सवलत नफा असणाऱ्यालाच मिळते आणि नोंदींवर आधारलेली सवलत नोंदी ठेवणाऱ्यालाच. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रमुख तरतुदींचा आढावा घेतला असून विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन केले आहे. लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येत असून त्यात कलमांची फेररचना झाली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शेती कोठे संपते आणि उद्योग कोठे सुरू होतो?

आयकर कायद्यानुसार शेती उत्पन्न करमुक्त आहे. स्वतःच्या शेतातील माल बाजारात नेण्यायोग्य व्हावा म्हणून शेतकरी सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो, तिचे उत्पन्नही शेती उत्पन्नातच गणले जाते. भाताची मळणी किंवा हळद शिजवून वाळविणे ही याची उदाहरणे होत. तीच हळद दळून पाकीटबंद पूड विकली, अथवा टोमॅटोचा सॉस तयार केला, तर पुढील टप्प्याचे उत्पन्न व्यवसायाचे ठरते. इतरांकडून विकत घेतलेल्या मालावरील प्रक्रिया हा सुरुवातीपासूनच व्यवसाय असतो. दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन यांचे उत्पन्नही शेती उत्पन्न मानले जात नाही. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न मात्र शेती उत्पन्न समजले जाते.

स्वतःचा शेतमाल स्वतःच्याच उद्योगात कच्चा माल म्हणून वापरल्यास आयकर नियम ७ लागू होतो. त्यानुसार त्या मालाचे बाजारभावाने होणारे मूल्य व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येते. उदाहरणार्थ, शेतकऱ्याने स्वतःची ५ लाख रुपये बाजारमूल्याची हळद वापरली, दळण, वेष्टन व विक्री यांवर दीड लाख रुपये खर्च केला आणि पूड ८ लाख रुपयांना विकली, तर व्यवसायाचे उत्पन्न केवळ दीड लाख रुपये ठरते. यासाठी वापराच्या दिवशीच्या बाजारभावाची नोंद जपून ठेवणे आवश्यक आहे. ही नोंद नसल्यास करमुक्त उत्पन्न आणि करपात्र उत्पन्न यांतील सीमारेषा सिद्ध करणे अवघड जाते. व्यक्तिगत करदात्याच्या बाबतीत शेती उत्पन्नावर कर लागत नसला, तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना ते विहित मर्यादेपलीकडे जमेस धरले जाते, हेही विसरता कामा नये.

अनुपालनाचा भार कमी करणाऱ्या तरतुदी

लहान उद्योगाला प्रत्यक्ष करापेक्षा हिशेब, विवरणपत्रे आणि लेखापरीक्षण यांचा भार अधिक जाणवतो. हा भार उलाढालीच्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे उद्योग जितका लहान, तितका त्याच्यावरील बोजा तुलनेने मोठा असतो. या अडचणीवर दोन तरतुदी उपयुक्त आहेत.

पहिली तरतूद कलम ४४एडी अंतर्गत अनुमानित उत्पन्नाची आहे. निवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि भागीदारी संस्था यांची वार्षिक उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास त्यांना सविस्तर हिशेबपुस्तके न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून दाखविता येते. बँकेमार्फत किंवा डिजिटल पद्धतीने मिळालेल्या रकमेवर हे प्रमाण ६ टक्के आहे. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसेल, तर उलाढालीची मर्यादा ३ कोटी रुपये होते. कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्था यांना ही योजना लागू नाही. एकदा ही योजना स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत ती सोडल्यास त्यानंतर पाच वर्षे तिचा लाभ पुन्हा घेता येत नाही.

उद्योगाचे कायदेशीर स्वरूप येथे निर्णायक ठरते. समजा, एका तेलघाण्याची उलाढाल ६० लाख रुपये असून सर्व रक्कम बँकेत जमा होते. अनुमानित नफा ३ लाख ६० हजार रुपये होईल. उद्योग व्यक्तीच्या नावे असल्यास आणि दुसरे उत्पन्न नसल्यास, नव्या कररचनेत हे उत्पन्न ४ लाख रुपयांच्या मूळ सूटमर्यादेच्या आतच राहते. तोच उद्योग भागीदारी संस्थेच्या नावे असल्यास त्यावर सरसकट ३० टक्के कर व ४ टक्के उपकर, म्हणजे १ लाख १२ हजार ३२० रुपये भरावे लागतात. अनुमानित नफ्यातून भागीदारांचा पगार किंवा व्याज वेगळे वजा करता येत नाही. उद्योगाचे स्वरूप केवळ सल्लागाराच्या सवयीवर न सोडता सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरविणे म्हणूनच गरजेचे आहे.

दुसरी तरतूद वस्तू व सेवा करातील आहे. स्वतःच्या जमिनीतील उत्पादन विकणाऱ्या शेतकऱ्यास त्या विक्रीपुरती नोंदणी करावी लागत नाही. केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्या उद्योगास बहुतेक राज्यांत ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. काही राज्यांत ही मर्यादा २० लाख रुपये असल्याने आपल्या राज्याचा नियम तपासावा. आंतरराज्य विक्री करणाऱ्यास ४० लाखांच्या मर्यादेचा लाभ मिळत नाही. शेतीची यंत्रे भाड्याने देण्याची सेवा करमुक्त असल्याने अवजार बँक चालविणाऱ्या गटांनाही दिलासा मिळतो.

त्यापुढील टप्प्यावर, दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी आपसमेळ, म्हणजेच कंपोझिशन योजना उपलब्ध आहे. विशेष प्रवर्गातील काही राज्यांत ही मर्यादा ७५ लाख रुपये आहे. उत्पादक व व्यापारी यांना या योजनेत उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो व कर तिमाही भरता येतो. मात्र ग्राहकाकडून कर वेगळा आकारता येत नाही, खरेदीवरील कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. किरकोळ ग्राहकांना माल विकणाऱ्या गृहउद्योगास ही योजना सोयीची आहे. उपाहारगृहे, मोठे वितरक किंवा परराज्यातील खरेदीदार यांना माल देणाऱ्या उद्योगास मात्र ती अडथळा ठरते, कारण क्रेडिट मिळावे अशी या खरेदीदारांची अपेक्षा असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर सुधारण्यात आले. ट्रॅक्टर, ठिबक व तुषार सिंचन संच तसेच जॅम, सॉस, नमकीन असे अनेक प्रक्रिया पदार्थ ५ टक्के दराखाली आले. ग्राहकाच्या दृष्टीने ही स्वागतार्ह बाब होय. उद्योजकाने मात्र दुसरी बाजूही पाहावी. प्लॅस्टिक वेष्टन व बरीचशी प्रक्रिया यंत्रे १८ टक्के दरात आणि तयार माल ५ टक्के दरात असल्यास इनपुट क्रेडिट साचत जाते. कच्चा माल व वेष्टन यांवरील साचलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो. यंत्रसामग्रीवरील क्रेडिटचा परतावा या मार्गाने मिळत नाही. प्रकल्प अहवालात ही अडकणारी रक्कम धरलेली असावी.

खेळत्या भांडवलास आधार : वेळेवर देयक

लहान प्रक्रिया उद्योग अनेकदा तोट्यामुळे नव्हे, तर थकलेल्या देयकांमुळे बंद पडतो. शेतकऱ्यास मालाचे पैसे त्वरित द्यावे लागतात आणि मोठा खरेदीदार मात्र तीन-चार महिने रक्कम अडवून ठेवतो. या असमतोलावर उपाय म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ४३बी मध्ये उपकलम (एच) समाविष्ट केले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगास देय असलेली रक्कम कायद्यातील मुदतीत न दिल्यास खरेदीदारास तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष रक्कम दिल्यानंतरच वजावट मिळते. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आणि करार असल्यास कमाल ४५ दिवसांची आहे.

या तरतुदीचे वैशिष्ट्य असे की, तिचा लाभ घेण्यासाठी लहान उद्योगाला नफा असण्याची गरज नाही. दबाव खरेदीदाराच्या करावर येतो आणि पैसा विक्रेत्याच्या हाती पडतो. अट एवढीच की, माल पुरविण्यापूर्वी उद्योगाची उद्यम नोंदणी झालेली असावी आणि ती उत्पादक किंवा सेवा पुरवठादार म्हणून असावी. केवळ व्यापारी म्हणून नोंदलेल्या उद्योगास विलंबित देयकासंबंधीचे संरक्षण मिळत नाही. सभासदांचा माल आहे तसा विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी आणि त्यावर प्रक्रिया करून विकणारी कंपनी यांत या मुद्द्यावर मोठा फरक पडतो. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापणे आणि देयकाची मुदत लेखी ठरविणे ही साधी दक्षता यात फार उपयोगी पडते.

नवी नोकरभरती आणि कलम ८०जेजेएए

नोकरभरतीशी थेट जोडलेली प्राप्तिकरातील प्रमुख सवलत म्हणजे कलम ८०जेजेएए. वाढीव कामगारांवर झालेल्या वेतनखर्चाच्या ३० टक्के रक्कम सलग तीन वर्षे अतिरिक्त वजावट म्हणून मिळते. वेतन हा खर्च म्हणून वजा होतोच. ही वजावट त्याव्यतिरिक्त असते. नवी कररचना स्वीकारणाऱ्यांनाही ती उपलब्ध आहे. तिच्या प्रमुख अटी पुढीलप्रमाणे :

१. कामगाराचे मासिक वेतन २५ हजार रुपयांहून अधिक नसावे.
२. तो वर्षात किमान २४० दिवस कामावर असावा. पहिल्या वर्षी दिवस कमी पडले आणि पुढील वर्षी पूर्ण झाले, तर पुढील वर्षापासून लाभ मिळतो.
३. तो मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीचा सभासद असावा.
४. वेतन रोखीने न देता बँकेमार्फत दिलेले असावे.
५. मागील वर्षअखेरच्या तुलनेत एकूण कामगारसंख्या वाढलेली असावी.
६. उद्योगास कलम ४४एबी खालील लेखापरीक्षण लागू असावे आणि सनदी लेखापालाचा विहित अहवाल सादर केलेला असावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मसाला प्रक्रिया करणाऱ्या भागीदारी संस्थेची उलाढाल साडेतीन कोटी रुपये आहे. बरीचशी विक्री रोखीने होत असल्याने तिला लेखापरीक्षण बंधनकारक आहे. तिच्याकडे २२ कामगार असून १ एप्रिलपासून आणखी ६ कामगार दरमहा १५ हजार रुपये वेतनावर घेतले. वाढीव वेतनखर्च वर्षाला १० लाख ८० हजार रुपये होतो. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ३ लाख २४ हजार रुपये अतिरिक्त वजावट मिळते. उपकरासह ३१.२ टक्के दराने वर्षाला १ लाख १ हजार ८८ रुपये आणि तीन वर्षांत ३ लाख ३ हजार २६४ रुपये कर वाचतो.

याच्या दुसऱ्या बाजूला भविष्य निर्वाह निधीतील मालकाचे १२ टक्के अंशदान ठेवून पाहावे. सहा कामगारांसाठी ते वर्षाला १ लाख २९ हजार ६०० रुपये होते. हे अंशदान खर्च म्हणून वजा झाल्यावर त्याचा निव्वळ भार सुमारे ८९ हजार रुपये उरतो. म्हणजेच तीन वर्षे कामगारांना नोंदीवर घेण्याचा खर्च या वजावटीतून जवळजवळ भरून निघतो. ‘कामगार नोंदीवर घेतले की धंदा परवडत नाही’ या प्रचलित समजुतीला हा हिशेब उत्तर देतो. मात्र त्यासाठी संस्थेला पुरेसा करपात्र नफा असायला हवा. नफाच नसेल, तर वजावटीचे मूल्य शून्य होते.

ही सवलत कोठे अडते?

कृषी प्रक्रिया उद्योगाच्या दृष्टीने या तरतुदीत तीन अडसर आहेत.

पहिला अडसर हंगामाचा. मुझफ्फरपूरच्या लिचीचा हंगाम मे-जूनच्या काही आठवड्यांत आटोपतो. कोकणातील आंबा प्रक्रिया उन्हाळ्यातील दोन-तीन महिन्यांत एकवटते. अशा उद्योगात २४० दिवसांची अट पूर्ण करणारे कामगार मोजकेच असतात. तयार कपड्यांच्या उद्योगास, आणि २०१८ पासून पादत्राणे व चर्मवस्तू उद्योगांस, ही अट १५० दिवसांपर्यंत शिथिल करण्यात आली आहे. निसर्गाच्या वेळापत्रकाशी बांधलेल्या फळप्रक्रियेस मात्र हे शिथिलीकरण लागू नाही.

दुसरा अडसर लेखापरीक्षणाचा. अनुमानित उत्पन्न योजनेतील लहान उद्योग लेखापरीक्षणाच्या कक्षेबाहेर असल्याने तो या सवलतीच्याही बाहेर राहतो. इतकेच नव्हे, तर रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्या उद्योगास १० कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत लेखापरीक्षण बंधनकारक नसते. जो उद्योजक डिजिटल व्यवहाराचा आग्रह मानतो, तोच रोजगाराच्या वजावटीस अपात्र ठरू शकतो. दोन चांगल्या उद्देशांच्या तरतुदी येथे परस्परांना छेद देतात.

तिसरा अडसर भविष्य निर्वाह निधीचा. हा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस लागू होतो. त्याहून लहान आस्थापनेस स्वेच्छेने नोंदणी करता येते. परंतु तेव्हा जुन्या कामगारांचाही खर्च वाढतो, आणि वजावट मात्र फक्त वाढीव कामगारांपुरती असते. म्हणून अनेक उद्योग एकोणीस कामगारांच्या उंबरठ्यावरच थांबलेले आढळतात.

नफ्यावरील सवलतीची मर्यादा शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बाबतीतही दिसून आली. २०१८ च्या अर्थसंकल्पात १०० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या अशा कंपन्यांच्या पात्र व्यवसायातील नफ्यावर १०० टक्के वजावट पाच वर्षांसाठी जाहीर झाली. ही मुदत कंपनीच्या वयाशी नव्हे, तर ठरावीक वर्षांशी बांधलेली होती. नव्या कंपनीची पहिली वर्षे भागभांडवल उभारण्यात व बाजारपेठ शोधण्यात जातात. तिला नफा होऊ लागेपर्यंत सवलतीची बरीच वर्षे सरलेली असतात.

करसवलतीला पूरक : रोख प्रोत्साहन

नफ्याची अट नसलेला मार्ग म्हणजे थेट प्रोत्साहन. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना याच तत्त्वावर आधारित आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या रोजगारांना ती लागू आहे. वाढीव कामगार किमान सहा महिने टिकल्यास मालकास प्रत्येक कामगारामागे दरमहा कमाल ३ हजार रुपये दोन वर्षे मिळतात. उत्पादन क्षेत्रात ही मुदत चार वर्षांची आहे. ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन, तर त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच वाढीव कामगार घेणे आवश्यक आहे.

वरील उदाहरणातील १५ हजार रुपये वेतनाच्या कामगारामागे दरमहा २ हजार रुपये, म्हणजे सहा कामगारांसाठी वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये मिळू शकतात. संस्था तोट्यात असली तरी ही रक्कम मिळते, हा करसवलतीहून असलेला मुख्य फरक होय. हंगामी उद्योगासही सहा महिन्यांची अट २४० दिवसांच्या अटीपेक्षा सुसाध्य आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना

• प्रकल्प अहवाल तयार करतानाच उद्योगाचे स्वरूप, अपेक्षित उलाढाल आणि ग्राहकवर्ग लक्षात घेऊन करयोजना निवडण्यास सांगावे.
• शेतीचे आणि उद्योगाचे बँक खाते स्वतंत्र ठेवावे. स्वतःच्या मालाच्या वापराची तारीख, वजन व बाजारभाव यांची नोंदवही ठेवावी.
• पहिल्या विक्रीपूर्वीच उद्यम नोंदणी योग्य प्रवर्गात करून घ्यावी.
• वेतन प्रथमपासून बँकेमार्फत द्यावे. हजेरीपट, वेतनपत्रक आणि कामावर रुजू झाल्याची तारीख यांविना कोणतीही रोजगार सवलत सिद्ध करता येत नाही.
• विविध शेतमालांचे हंगाम एकमेकांना जोडता येतील का, हे तपासावे. उन्हाळ्यात आंबा, त्यानंतर आवळा, हिवाळ्यात टोमॅटो अशी साखळी बसल्यास यंत्राचा वापर वाढतो आणि कामगाराचे २४० दिवसही भरू शकतात.
• उलाढाल मर्यादेच्या जवळ आल्यास ती रोखून धरण्याऐवजी पुढील टप्प्याचा खर्च व लाभ यांचा लेखी हिशेब मांडावा.
• दर, मर्यादा व मुदती अर्थसंकल्पागणिक बदलतात. अंतिम निर्णय सनदी लेखापालाच्या सल्ल्यानेच घ्यावा.

समारोप

लहान उद्योगाच्या वाढीत करधोरणाची भूमिका साहाय्यक असते. मालाला मागणी नसेल, तर कोणतीही वजावट नवा कामगार कामावर ठेवू शकत नाही. मागणी असूनही उद्योजक विस्तारास कचरत असेल, तेव्हा मात्र योग्य रचनेची सवलत त्याचे पाऊल पुढे पडण्यास मदत करते. अनुपालन सोपे करणाऱ्या आणि देयक वेळेवर मिळवून देणाऱ्या तरतुदी सर्वांत लहान उद्योगापर्यंत पोहोचतात. नफ्यावर आधारलेल्या वजावटी मुख्यतः स्थिरावलेल्या उद्योगांना उपयोगी पडतात.

रोजगाराच्या वजावटीत कृषी प्रक्रियेसाठी दिवसांची अट हंगामानुरूप शिथिल करणे आणि लेखापरीक्षणाऐवजी भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणाचा पुरावा ग्राह्य धरणे, या दोन सुधारणा विचारार्ह आहेत. धोरणात असे बदल होईपर्यंत, उपलब्ध तरतुदींची माहिती उद्योजकाला उद्योग उभारण्यापूर्वीच मिळावी, याची जबाबदारी विस्तार यंत्रणेकडे राहते. लिची सोलणारी किंवा मिरची निवडणारी कामगार वेतनपत्रकावर आली, तर मालकाला सवलत मिळते. तिच्या स्वतःच्या नावे मात्र भविष्य निर्वाह निधीची शिल्लक जमू लागते, आणि ती उद्योग बदलला तरी तिचीच राहते.